मॉन्टेसरीचं प्रशिक्षण घ्यायचंय, गोव्यात राहून जमेल का?

रानआबोली (धागाकर्ती) | ११ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. वाचायला जुनी, लिहायला नवी. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी फोंडा तालुक्यातली. वय ३४, बी.कॉम., लग्नाआधी पाच वर्षं एका पतसंस्थेत कॅशला होते. लेक चार वर्षांची. तिला बालवाडीत सोडलं की दारातूनच आत बघत उभी राहते, घरी गॅसवर डाळ ठेवून आलेय हेही विसरते. परवा तिथल्या बाईच म्हणाल्या, "एवढं आवडतं तर कोर्स करा की!" तेव्हापासून डोक्यात भुंगा.

शोधायला बसले आणि चक्रावले. कुणाचा सहा महिन्यांचा, कुणाचा वर्षाचा, एक तर पंधरा दिवसांत घरबसल्या 'इंटरनॅशनल डिप्लोमा' देणारा. सगळ्यांच्या जाहिरातीत तोच ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा. नवरा कुंडईला कारखान्यात शिफ्टवर, सासूबाईंचे गुडघे धरलेले. वर्षभर घर सोडून मुंबई-बेंगळुरू करणं कठीण आहे, अशक्य नाही.

खरा कोर्स कसा ओळखायचा? आत नेमकं काय शिकवतात? नोकरी मिळते का? मराठीतून होतो का? ज्यांनी केलाय त्यांनी प्लीज लिहा.

तिसऱ्या | ११ जून, रात्री १०:५१

डाळ करपली का, ते आधी सांग.

बाकी आमच्या आजीच्या तोंडी 'पोराला माँटेसरीत घातला' म्हणजे कुठल्याही बालवाडीत घातला, एवढाच अर्थ होता. त्यामुळे पाटीवर नाव आहे म्हणून आत तेच असेल असं समजू नको.

रानआबोली | ११ जून, रात्री ११:०२

करपली. सासूबाईंनी वरून फोडणी घालून वाचवली.

घाटमाथा | १२ जून, सकाळी ८:१५

तिसऱ्या गमतीत म्हणाला, पण मुद्दा तोच आहे. 'मॉन्टेसरी' हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. अमेरिकेत १९६७ साली यावर निकाल झाला की हा शब्द सर्वसाधारण वर्णनाचा आहे, एकट्या संस्थेला तो ट्रेडमार्क म्हणून धरता येणार नाही. आपल्याकडेही कोणीही पाटी लावू शकतो, कोणीही डिप्लोमा छापू शकतो.

माझी फजिती सांगते. लग्न होऊन गोव्यात आले तेव्हा मीही एक घरबसल्या कोर्स केला होता. नाव सांगत नाही. पीडीएफ आल्या, प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवली, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट आलं. सासऱ्यांनी फ्रेम केलं. मग एका शाळेत मुलाखतीला गेले. तिथल्या मोठ्या बाईंनी दट्ट्यांची पेटी पुढ्यात ठेवली (लाकडी ठोकळा, दहा भोकं, त्यात बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाला वर इवलीशी मूठ) आणि म्हणाल्या, "मी तीन वर्षांची आहे. मला दाखवा." मी पहिला दट्ट्या सरळ मुठीत धरून उचलला. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन बोटांनी. पुढं याच तीन बोटांत पेन्सिल यायची आहे."

वर्षभराच्या पीडीएफमध्ये हे वाक्य नव्हतं. फ्रेम अजून भिंतीवर आहे, सासऱ्यांचं मन मोडवत नाही.

खाजन | १२ जून, दुपारी ३:४०

रानआबोली, मी अकरा वर्षं हेच करतेय, बार्देशात. प्रशिक्षण मुंबईत, एक शैक्षणिक वर्ष, पूर्णवेळ. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

ओळखायचा कसा? फोन करून एकच विचार: "साहित्याला हात लावून सराव किती दिवस, आणि तेव्हा समोर कोण बसतं?" उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेव. पुढं विचार की निरीक्षण कुठल्या वर्गात, सराव-पाठ किती आठवडे, तोंडी परीक्षा आहे का. मारिया मॉन्टेसरी बाईंनी १९२९ मध्ये स्वतः स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय संस्था, एएमआय (असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल), हिची मान्यता असलेली केंद्रं भारतात मोजकी आहेत, मोठ्या शहरांत. त्याखेरीज जुन्या भारतीय संस्था आहेत, काही फार चांगल्या. हल्ली थिअरी ऑनलाइन आणि सरावाला काही आठवडे प्रत्यक्ष, अशी सोयही बऱ्याच ठिकाणी झालीय. तुझ्यासारखीला ती बरी. पूर्ण ऑनलाइन मात्र नको. पोहायला पोस्टाने शिकता येत नाही.

आता आत काय असतं.

पहिले पंधरा दिवस मला वाटलं, फी बुडाली. चटई गुंडाळायला शिकवत होते. खुर्ची आवाज न करता उचलायला, खाली ठेवायला. एका जगातून दुसऱ्या जगात तांदूळ ओतायला. मी एम.ए. झालेली बाई, आणि माझ्या जगाची चोच दुसऱ्याच्या काठाला टेकली म्हणून मला पुन्हा ओतायला लावलं. चार वेळा. मग कळायला लागलं की आपण मोठी माणसं हात किती भरभर हलवतो आणि तेव्हाच तोंडही चालू ठेवतो. मुलानं बघायचं काय, हाताकडे की तोंडाकडे? म्हणून नियम असा, की दाखवताना बोलायचं नाही आणि बोलताना दाखवायचं नाही. ऐकायला सोपा. माझी जीभ आवरायला मला तीन महिने लागले. (घरी अजून आवरत नाही.)

मग इंद्रियशिक्षणाचं साहित्य. गुलाबी मनोऱ्यात दहा घन, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वांत धाकटा एक सेंटिमीटरचा. हा धाकटा दरवर्षी हरवतो, दरवर्षी कुणाच्या तरी दप्तरात सापडतो. मग गणितातल्या काड्यांच्या पेटीत शून्य ते नऊ असे कप्पे आणि काड्या मोजून पंचेचाळीस, एकही जास्त नाही. कुठं चुकलं तर शेवटच्या कप्प्यात कमी पडतात किंवा हातात उरतात. "चूक" असं बाईला म्हणावं लागत नाही, काड्याच सांगतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली आणि ओरडा खाल्ला.

प्रत्येक विषयाची वही, तिला आम्ही अल्बम म्हणतो, स्वतः लिहून, चित्रं काढून तयार करायची. जीवनव्यवहार, इंद्रियशिक्षण, भाषा, गणित. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागलेय. तयार अल्बम विकत मिळतात, घेऊ नको. लिहिताना जे अडतं तेच शिकणं.

आणि निरीक्षण. कोपऱ्यात खुर्ची, हातात वही, तासन्‌तास गप्प बसायचं. मूल काय *करतं* ते लिहायचं, आपल्याला काय *वाटतं* ते नाही. मी पहिल्या दिवशी लिहिलं, "मुलगा कंटाळला आहे." प्रशिक्षक म्हणाल्या, "कंटाळा दिसतो कसा? काय दिसलं ते लिहा." दुसऱ्या दिवशी लिहिलं: "९:१२. खिडकीकडे पाहतो. ९:१५. अजून खिडकीकडे. गजावर सरडा आहे." तर पोरगा कंटाळला नव्हताच!

रानआबोली | १२ जून, दुपारी ४:३०

खाजनताई, देव बरें करूं. पुन:पुन्हा वाचतेय. सरडा वाचून अंगावर काटा आला (दोन्ही कारणांनी).

मराठीचं काय?

निवृत्त मास्तर | १२ जून, रात्री ९:०५

सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मी ३३ वर्षं काढली. मॉन्टेसरीचा दाखला माझ्याकडे नाही, तरी दोन शब्द.

ताई, हे शास्त्र मराठीला परकं समजू नका. मारिया मॉन्टेसरी १९३९ च्या नोव्हेंबरात मद्रासला अड्यारला वर्ग घ्यायला आल्या त्या थोड्या महिन्यांसाठी. महायुद्धात इटली उतरल्यावर त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या आणि १९४६ पर्यंत इथंच राहिल्या. पण त्यांच्या येण्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत आपल्या ताराबाई मोडक हे काम करत होत्या. नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा. पुढं ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. महागडं साहित्य तिथं कुठून आणणार? शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच केलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. सरकारची योजना १९७५ ची, म्हणजे तीस वर्षांनंतरची. ताराबाईंचं काम १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. मी तरुणपणी तिथं चार दिवस राहून आलोय. अनुताईंना पाहिलंय. लहानखुरी मूर्ती, आवाज मात्र खणखणीत.

तेव्हा प्रशिक्षण बहुधा इंग्रजीतून होईल, पण डोकं मराठीत चालू ठेवा.

साळकाठ | १३ जून, सकाळी ७:५०

नोकरीचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. बायको याच क्षेत्रात, दक्षिण गोव्यात.

१) खासगी मॉन्टेसरी वा प्री-स्कूल: इथं चांगला डिप्लोमा चालतो. किनारपट्टीला परदेशी आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांमुळे मागणी आहे, पण तिथं इंग्रजी बोलता यायला हवं.

२) सरकारमान्य शिक्षक व्हायचं असेल तर मॉन्टेसरी डिप्लोमा पुरत नाही. एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) यादीत पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांचा डीपीएसई आहे, प्राथमिकसाठी डी.एल.एड. एनटीटी (नर्सरी टीचर ट्रेनिंग) नावाचे बहुतेक छोटे कोर्स त्या यादीत नाहीत. जाहिरातीत 'गव्हर्नमेंट रेकग्नाइज्ड' लिहिलं असेल तर कुठल्या गव्हर्नमेंटने, कशासाठी, हे लेखी मागा. कधी कधी नुसती सोसायटी नोंदणीकृत असते, त्यालाच मान्यता म्हणतात.

३) अंगणवाडी: महिला व बालविकास खात्याची भरती, निकष वेगळे.

पगार? सुरुवातीला पतसंस्थेतल्यापेक्षा कमी धरून चाल. मान मोठा, पाकीट लहान.

तिसऱ्या | १३ जून, सकाळी ९:३०

३ ते ८ वयाचा पायाभूत टप्पा २०२० च्या धोरणात आला तेव्हापासून बालवाडीच्या बाईला बरे दिवस येणार म्हणतात. येवोत. पण आधी हे सांगा, गोव्यात तो टप्पा मराठीत, कोकणीत की इंग्रजीत? कारण अनुदान मात्र...

संपादक | १३ जून, सकाळी ९:४४

माध्यमाच्या वादाला वेगळा धागा आहे, ४०० प्रतिसाद झालेत, तिथं जावं. इथले पुढचे सात प्रतिसाद हलवले आहेत.

खाजन | १३ जून, दुपारी २:१०

वाद नको, पण वर्गातलं सांगते, कारण रानआबोलीला हे लागणारच.

रंगांच्या पट्ट्यांचा तीन पायऱ्यांचा पाठ असतो. आधी नाव द्यायचं: "हा पिवळा." मग "पिवळा दाखव." शेवटी नुसतं बोट ठेवून, "हा कुठला?" माझ्याकडची एक पोर शेवटच्या पायरीला ठामपणे म्हणाली, "हळदुवो!" पुढं पांढऱ्याला "धवो", हिरव्याला "पाचवो". प्रशिक्षणात शिकवलं होतं की तिसऱ्या पायरीला मूल अडलं तर गुपचूप मागच्या पायरीवर जायचं, चूक काढायची नाही. पण ती अडली कुठं होती? तिला रंग पक्के येत होते, घरच्या भाषेत. मी म्हटलं, "होय, हळदुवो. शाळेत त्याला पिवळाही म्हणतात." तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की बाईला दोन नावं माहीत आहेत तर एवढा वेळ विचारत का होती!

आता अक्षरं. खरकागदाची (सँडपेपरची) अक्षरं कापून पाटीवर चिकटवायची आणि मुलानं तर्जनी-मधलं बोट त्यावरून फिरवत उच्चार म्हणायचा. इंग्रजीचे संच विकत मिळतात. देवनागरीचे आपणच कापायचे. आणि चल अक्षरांत (सुटी, उचलून मांडायची) खरी गंमत. एक मुलगा 'दिवा' मांडत होता. द ठेवला, मग त्याच्या *पुढं* पहिली वेलांटी, मग वा. त्याच्या कानाला द आधी ऐकू येतो, इ नंतर. बरोबरच आहे त्याचं! वेलांटी अक्षराच्या आधी का, याचं उत्तर त्याला काय देणार? मी दिलं नाही. आठवडाभरानं 'दिवा' लिहिलेली चिठ्ठी त्याच्या वाचनाच्या टोपलीत टाकली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला, मग जाऊन वेलांटी उचलून अलीकडे ठेवली.

निवृत्त मास्तर | १३ जून, रात्री ८:२०

एक शंका. आम्ही ग-म-भ-न अशी सुरुवात करत असू, वळण सारखं म्हणून हात लवकर बसतो. तुम्ही?

खाजन | १३ जून, रात्री ८:५५

मास्तर, इथं माझं उलट आहे. एका पाठात दोन-तीन अक्षरं द्यायची आणि तीही आकाराला, उच्चाराला एकमेकांपासून लांबची. म आणि भ एकाच दिवशी दिले तर मूल दोन्हींत घोटाळतं. मी क, स, म असं काहीतरी घेते.

निवृत्त मास्तर | १३ जून, रात्री ९:१०

वाचायला तुमचं बरोबर असेल. लिहायला माझंच बरोबर. ३३ वर्षांत ६०० तरी पोरं ग-म-भ-न वरून गेली, एकाचंही अक्षर वाईट नव्हतं.

तिसऱ्या | १३ जून, रात्री ९:१२

माझं आहे. मी मास्तरांकडेच होतो.

घाटमाथा | १४ जून, सकाळी १०:००

पावसाचंही सांगा तिला! ते कुठल्याच कोर्समध्ये नसतं.

खाजन | १४ जून, दुपारी १:३०

अगं हो. गोव्यातला जुलै हा मॉन्टेसरीचा शत्रू. दट्टे फुगतात आणि भोकात रुतून बसतात. मूल ओढतं, मी ओढते, शेवटी शिपाईमामा ओढतात. खरकागद पाटीवरून सुटतो, चटयांना बुरशीचा वास. आम्ही कपाटात रात्री बल्ब लावून ठेवतो, घरी कपड्यांच्या कपाटात लावतात तसा. एका वर्षी बल्ब उडेपर्यंत सगळं ठीक होतं, मग शनिवार-रविवारमध्ये तपकिरी जिन्यावर (तेही लाकडी साहित्यच) हिरवी मखमल.

पण जीवनव्यवहाराचं साहित्य इथलंच घे, ते पावसाला घाबरत नाही. ओतायला उकडे तांदूळ, दाणा जाड, सांडला तरी इवल्या बोटांनी वेचता येतो. वर्गीकरणाला तिसऱ्यांचे शिंपले (आयडीवाल्यांनी रागावू नये). घासायला पितळेची छोटी समई आणि चिंच. परदेशी पुस्तकात पॉलिशची बाटली असते, तिचा वास मला सहन होत नाही. चिंच लावली की काळपट पितळ बोटाखाली उजळत जातं. चवथीच्या आधी तर समईसाठी रांग लागते.

साळकाठ | १४ जून, दुपारी २:०५

कोर्सच्या आधी एक सकाळ कुठल्यातरी वर्गात बसून ये. बायकोच्या बॅचमधल्या दोघींनी निम्म्यात सोडला, कारण मुलं आवडतात म्हणून आल्या होत्या. त्यांना मुलांशी खेळायचं होतं. इथं तर मागं सरायला शिकवतात.

रानआबोली | १४ जून, रात्री १०:४०

हे मला आत कुठेतरी लागलं. मीही "मुलं आवडतात" हेच कारण घरी सांगितलंय.

परवानगी काढते आणि एक सकाळ बसून येते.

तिसऱ्या | २ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

धागा वर काढतोय. आबोली सुकली का?

रानआबोली | २२ सप्टेंबर, रात्री ११:१५

सुकली नाही. चवथ, पाहुणे, मग लेकीचा ताप.

बसून आले, तेही एक नाही, चार सकाळी. पहिल्या दिवशीचं लिहिते.

साडेतीन वर्षांचा मुलगा, उकडे तांदूळ ओतत होता (खाजनताई, तुमचाच सल्ला पोचलेला दिसतो). पहिल्याच फेरीत निम्मे चटईवर. मी खुर्चीतून उठलेच होते. तिथल्या बाईंनी लांबूनच हाताचा पंजा दाखवला, बसा. मी बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. त्यानं सांडलेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग एकेक दाणा उचलायला लागला. एकेक! अकरा मिनिटं, घड्याळ लावून सांगते. दुसरी मुलगी मदतीला आली, तिला त्यानं "माझें" म्हणून हाकललं. शेवटचा दाणा चटईच्या विणीत अडकला होता, तो नखानं काढला. आणि मग जग उचलून पुन्हा पहिल्यापासून ओतायला सुरुवात. माझ्या मांडीला हातांचे वळ.

घरी आले तर लेक चपलेचा बेल्ट लावत बसली होती, उलटा. रोज मी लावून देते. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून राहिले. बस चुकली. सासूबाई म्हणाल्या, "कितें गो, आज कामाक लागूंक ना?" त्यांना काय सांगणार, की कामच करतेय.

निर्णय असा: थिअरी ऑनलाइन आणि सरावाला प्रत्यक्ष, असा कोर्स पुढच्या जूनपासून. सरावाच्या आठवड्यांत नवऱ्यानं शिफ्ट बदलून घ्यायचं कबूल केलंय, सासूबाईंनी स्वयंपाकाचं. नणंदेला वाटतं मी वेडी झालेय. फी भरायच्या आधी तीन ठिकाणी खाजनताईंचा प्रश्न विचारला: दोघांचं उत्तर गुळमुळीत, फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "हा प्रश्न तुम्हाला कुणी शिकवला?"

तोवर दिवाळीनंतर त्याच वर्गात मदतनीस म्हणून जाणार, मानधन नाममात्र. त्यांनी पहिलं काम दिलंय: देवनागरीची खरकागद अक्षरं कापणं. क, स, म पासून सुरू करतेय (मास्तर, माफी). फोंड्याच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "बाई, दार घासायचंय की फळी?" कुठल्या नंबरचा घेऊ?

निवृत्त मास्तर | २३ सप्टेंबर, सकाळी ६:३०

माफी आहे. ग-म-भ-न चा एक संच मीही कापून पाठवतो. दोन्ही वापरून बघा.

खाजन | २३ सप्टेंबर, सकाळी ७:१०

बारीक घे. नंबर विसर, दुकानातच उभी राहून दोन बोटं त्यावर वीस वेळा फिरव. झणझणलं तर त्याच्याहून बारीक माग. आणि गोंद लावल्यावर रात्रभर वर पाटा-वरवंटा ठेव, नाहीतर कडा सुटतात.